पत्र्याचं विमान घरी बांधताना : भाग सरळ जुळवणं आणि रिव्हेट मारणं

हलक्या विमानाच्या किटमध्ये हजारो रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या मेखा, असतात, आणि नवख्या माणसाची सगळी धास्ती रिव्हेट गनभोवती असते. पण काम चांगलं होणार की वाईट, हे गन हातात घेण्याच्या आधीच ठरलेलं असतं. दोन पत्रे ज्या अवस्थेत असतील त्याच अवस्थेत रिव्हेट त्यांना कायमचे धरून ठेवतो. पंखाला अर्धा अंश पीळ राहिला असेल तर तो पीळच पक्का होतो, आणि मग विमान कायम एका अंगाला कलतं. वैमानिकाला पूर्ण उड्डाणभर दांडा दाबून धरावा लागतो. म्हणून या लेखात जुळवणीवर जास्त शब्द खर्च केले आहेत.

सुरुवातीलाच एक गोष्ट. विमान घरी बांधता येतं, पण ते उडवण्यासाठी नोंदणी आणि परवानगी लागते, आणि ती नागरी विमान वाहतूक महासंचालनालय म्हणजे डीजीसीए देतं. अमोल यादव यांनी मुंबईत घराच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाची नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि प्रायोगिक उड्डाणाची परवानगी मिळायला २०१९ उजाडलं. किटचे पैसे भरण्याआधी डीजीसीएकडे लेखी विचारणा करा. बांधकाम कोण आणि कोणत्या टप्प्यावर तपासणार, हे त्यातूनच कळेल.

काय इथे मिळतं, काय मागवावं लागतं

जिगसाठी, म्हणजे जुळवताना भाग जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या चौकटीसाठी, लागणारं लोखंडी काम सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतला कोणताही चांगला फॅब्रिकेशनवाला करून देईल. कॉम्प्रेसर, कानशी, व्हर्नियर, गुण्या, डिजिटल कोनमापक, कानाला लावायचे मफ, हे सगळं शहरात मिळतं. रिव्हेट मात्र हार्डवेअरच्या दुकानातून घेऊ नयेत. बाजारातला पॉप रिव्हेट दिसायला सारखाच असतो, पण तो कोणत्या मिश्रधातूचा आहे आणि किती भार सोसेल, हे दुकानदारालाही माहीत नसतं. किटबरोबर आलेले किंवा प्रमाणपत्रासह मागवलेले रिव्हेटच वापरा.

ठोकायच्या भरीव रिव्हेटमध्ये दोन प्रकार लक्षात ठेवा. एएन ४७० चं डोकं गोलसर असतं आणि पत्र्याच्या वर राहतं. एएन ४२६ चं डोकं १०० अंशांच्या शंकूसारखं असतं आणि ते पत्र्याच्या पातळीत बसतं. त्यापुढची एडी ही अक्षरं म्हणजे २११७-टी४ मिश्रधातू. त्याची खूण म्हणजे डोक्याच्या मध्यभागी बारीक खळगा. खळगा नसलेला, साधं डोकं असलेला रिव्हेट मऊ शुद्ध अॅल्युमिनियमचा असू शकतो; तो सांगाड्यात चालत नाही. डबे एकमेकांत मिसळले असतील तर हा खळगा पाहूनच रिव्हेट वेगळे करा.

नंतरचे आकडे मापाचे. पहिला आकडा व्यासाचा, इंचाच्या बत्तिसाव्या भागात. दुसरा लांबीचा, सोळाव्या भागात. म्हणजे एडी ४-४ हा १/८ इंच (३.२ मिमी) जाड आणि १/४ इंच लांब. हलक्या विमानात बहुतेक काम ३ आणि ४ नंबरच्या रिव्हेटवर भागतं.

भोकांसाठी ३ नंबरच्या रिव्हेटला ४० नंबरचं ड्रिल बिट (२.४९ मिमी) आणि ४ नंबरच्या रिव्हेटला ३० नंबरचं (३.२६ मिमी) लागतं. ४० नंबरऐवजी २.५ मिमीचं बिट बिनधास्त वापरता येतं. ३० नंबरचं मात्र मागवूनच घ्या. ३.२ चं बिट घट्ट पडतं आणि रिव्हेट जबरदस्तीने घुसवावा लागतो, ३.३ चं सैल पडतं. बिटं डझनाने घ्या. बोथट बिट दाबून चालवलं की भोक लंबगोल होतं, आणि लंबगोल भोकात रिव्हेट कधीच नीट भरत नाही.

पत्रे तात्पुरते धरून ठेवायला क्लेको लागतात. चंदेरी ३/३२ इंचाला, तांब्याच्या रंगाचे १/८ इंचाला. दोनशे-तीनशे हाताशी हवेत. ते महाग वाटतात, पण कमी क्लेकोंवर भागवायला गेलात तर जुळवणी सैल राहते.

टेबल आणि सोलापूरचं ऊन

टेबल पंखापेक्षा थोडं लांब हवं. लोखंडी चौकटीवर १८ मिमीचा एमडीएफ बोर्ड पुरतो. गवंडी वापरतात तसा पाण्याचा लेव्हल पाइप घेऊन चारही कोपरे आणि मध्य एका पातळीत आणा. पूर्ण लांबीत १ मिमीपेक्षा जास्त फरक नको. पाय जमिनीला बोल्टने बांधा. शहराच्या पूर्व भागात शेजारीच यंत्रमाग चालत असतील तर जमीन दिवसभर हलते आणि पायाखालच्या पाचरी सरकतात. तिथे दर आठवड्याला पातळी पुन्हा पाहावी.

आता उन्हाचा मुद्दा. नवखे लोक हाच सोडून देतात. अॅल्युमिनियम एका मीटरला, एका अंशाला साधारण ०.०२३ मिमी वाढतं. ३ मीटरचा स्पार (पंखाच्या लांबीभर जाणारा मुख्य कणा) पहाटेपेक्षा दुपारी २० अंशांनी जास्त तापला, तर तो सुमारे १.४ मिमीने लांब होतो. लोखंड याच्या निम्मंच वाढतं. स्पार लोखंडी जिगला दोन्ही टोकांना घट्ट आवळला असेल तर उरलेल्या ०.७ मिमीला जायला जागा नसते, आणि स्पारला मध्येच बाक येतो. एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर असताना पत्र्याच्या छपराखाली हे रोज घडेल.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही करायचे आहेत. जिगमध्ये एक टोक पक्कं ठेवा आणि दुसऱ्या टोकाला लांबट भोक ठेवा, म्हणजे स्पार लांबीच्या दिशेने सरकू शकेल. आणि मोजमापाचं, म्हणजे पीळ, कर्ण आणि सरळ रेषा तपासण्याचं सगळं काम पहाटे साडेपाच ते आठ या वेळातच करा. आदल्या रात्री सगळे भाग शेडमध्येच असले पाहिजेत, म्हणजे पत्रा, सांगाडा आणि टेप एकाच तापमानाला येतात. दुपारी बर (भोकाच्या कडेला उरलेली धारदार कोर) काढणं, डिंपल (रिव्हेटचं डोकं बसायला भोकाभोवती खोलगट वाटी) पाडणं, भागांवर नंबर टाकणं अशी कामं उरकावीत.

वरचा पत्रा आणि सांगाडा वेगवेगळ्या तापमानाला असताना रिव्हेट मारले तर काय होतं? पत्रा थंड आणि सांगाडा गरम असेल, तर सांगाडा निवल्यावर पत्रा सैल पडतो. बोटाने दाबला की आत-बाहेर टणटणतो. उलट पत्रा उन्हात तापलेला असेल तर निवताना तो आक्रसतो आणि पातळ सांगाड्याला ओढून पीळ देतो. म्हणून दारातून ऊन पत्र्यावर पडत असेल तर पडदा लावा, आणि पत्रा बाहेरून आणला की लगेच मारायला घेऊ नका.

सांगाडा जुळवणे

आधी एकेक रिब (पंखाला आकार देणारी आडवी फासळी) टेबलावर आडवी ठेवून पाहा. कारखान्यातून आलेल्या रिबच्या वळलेल्या कडा बहुतेक वेळा काटकोनात नसतात आणि वक्र कडेमुळे रिब स्वतःच वाकलेली असते. कड गुण्याला लावून हाताच्या सीमर पकडीने काटकोनात आणा. मग फ्लुटिंग पकडीने दोन भोकांच्या मधल्या जागी कडेला बारीक चुण्या पाडा. प्रत्येक चुणी कड थोडी आखडते आणि रिब सपाट होत जाते. चुणी भोकाच्या जागी पडली तर तिथे रिव्हेट बसणार नाही, म्हणून आधी भोकांच्या खुणा करा. या कामाला कंटाळा करू नका. वाकडी रिब क्लेकोने ओढून सरळ दिसते, पण तो ताण पत्र्यात उतरतो.

खुणा बारीक टोकाच्या मार्करने करा. शिसपेन्सिल अॅल्युमिनियमवर नको. ग्राफाइटमुळे तिथे गंज धरतो. सुईने ओरखडा तर मुळीच नको, कारण भेग त्या ओरखड्यापासूनच सुरू होते.

सांगाडा उभा राहिला की तीन तपासण्या.

सरळ रेषा : स्पारच्या दोन्ही टोकांवर १० मिमीचे सारखे ठोकळे ठेवून त्यांवरून तंगूस ताणून बांधा. प्रत्येक रिबपाशी तंगूस आणि स्पारमधलं अंतर मोजा. कुठेही १० पेक्षा अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक दिसला तर पुढे जाऊ नका.

कर्ण : मुळाकडच्या रिबच्या पुढच्या कोपऱ्यापासून टोकाकडच्या रिबच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत, आणि मग त्याच्या उलट. पंख आयताकृती असेल तर दोन्ही मापं १ मिमीच्या आत सारखी हवीत. निमुळता असेल तर नकाशात दिलेली मापं पाहा. टेपचं टोक झिजलेलं असतं, म्हणून १०० मिमीच्या खुणेपासून मोजून नंतर तेवढे वजा करा.

पीळ : प्रत्येक रिबवर एकच सरळ पट्टी त्याच जागी ठेवून तिच्यावर डिजिटल कोनमापक ठेवा. मुळाकडच्या रिबला शून्य करा आणि टोकाकडे जा. नकाशात टोकाला मुद्दाम कमी कोन दिला असेल तर तो आकडा यायला हवा, नसेल तर शून्य. फरक असेल तर रिबखाली शिम (पातळ पट्टी) घालून काढा. १.२ मीटर रुंदीच्या पंखात मागच्या कडेखाली १ मिमी शिम घातली की कोन सुमारे ०.०५ अंशाने बदलतो; म्हणजे अर्ध्या अंशासाठी १० मिमीच्या आसपास. कोनमापकाचं वाचन ०.१ अंशाचं असतं, म्हणून जास्त बारकाईसाठी दोन्ही टोकांना ओळंबे सोडून त्यांचं मागच्या स्पारपासूनचं अंतर ताडून बघा.

दोन्ही पंखांना ०.२ अंश सारखाच पीळ असेल तर विमान सरळ उडेल. एकाला ०.२ आणि दुसऱ्याला उलट दिशेने ०.२, हे मात्र जाणवेल. म्हणून पहिल्या पंखाचे सगळे आकडे वहीत लिहा आणि दुसरा पंख त्या आकड्यांशी जुळवा.

भोकं

भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत रिव्हेटच्या व्यासाच्या किमान दुप्पट अंतर हवं. पत्र्यात बसणाऱ्या डोक्याला अडीचपट. ४ नंबरच्या रिव्हेटला ते अनुक्रमे ६.४ आणि ८ मिमी होतं. दोन रिव्हेटमधलं अंतर व्यासाच्या तिप्पटीपेक्षा कमी कधीच नको. प्रत्यक्षात नकाशाच सांगतो, आणि ते त्याहून बरंच जास्त असतं.

रिबच्या कडेवर मध्यरेषा आखा. वरच्या पत्र्याची भोकं त्या रेषेवर आली पाहिजेत. भोकातून डोकावलं की रेषा बरोबर मध्ये दिसायला हवी. दिसली नाही तर रिब हलवा, ड्रिल तिरकं धरून भोक वळवू नका.

आधी ४० नंबरचं भोक, लगेच क्लेको. पत्र्याच्या मध्यातून सुरुवात करून चारही बाजूंना बाहेर जा. एका टोकाकडून दुसरीकडे गेलात तर पत्रा थोडाथोडा पुढे सरकत जातो आणि शेवटी फुगा उरतो. आधी दर चौथं भोक, मग मधली. सगळे क्लेको लागल्यावर पीळ पुन्हा मोजा, आणि आकडे बरोबर असतील तरच ४ नंबरच्या रिव्हेटची भोकं ३० नंबरने मोठी करा. ड्रिलचा वेग २,५०० च्या वर ठेवा, पण दाब हलका. काटकोन राखायला सुरुवातीला ड्रिल गाइड वापरा.

मग सगळं सोडवा. हो, सगळं. दोन पत्र्यांच्या मध्ये किस आणि बर अडकलेली असते. ती तशीच ठेवली तर पत्रे चिकटत नाहीत आणि रिव्हेट त्या फटीतच फुगतो. सोडवण्याआधी प्रत्येक भागावर नंबर आणि दिशा लिहून ठेवा. बर काढायला डिबरिंग बिट हाताने दोन फेरे, हलक्या दाबाने. जास्त फिरवलं तर पातळ पत्र्यात भोकाची कडच खाल्ली जाते. पत्र्याच्या लांब कडा बारीक कानशीने आणि स्कॉचब्राइटने गुळगुळीत करा.

पत्र्याखाली सोलापुरी चादर अंथरायची सवय इथे सगळ्यांनाच असते. तयार भाग ठेवायला ती उत्तम आहे, पण ड्रिल करताना खाली नको. विणीत किस रुतून बसतो आणि पुढच्या प्रत्येक पत्र्यावर ओरखडे उठवतो.

पत्र्यावरची संरक्षक प्लास्टिक फिल्म उन्हाळ्यात महिनोन् महिने ठेवू नका, गोंद पत्र्याला धरून बसतो आणि आत ओल राहिली तर डागही पडतात. रिव्हेटच्या ओळीपुरत्या पट्ट्या काढायच्या असतील तर टोक गुळगुळीत केलेलं सोल्डरिंग आयर्न पट्टीच्या कडेने फिरवा, ब्लेड नको.

डिंपल की काउंटरसिंक

पत्र्यात बसणाऱ्या डोक्यासाठी पातळ पत्र्याला डिंपल पाडतात, जाड भागाला काउंटरसिंक करतात, म्हणजे भोकाची कड शंकूसारखी कापतात. ३ नंबरच्या रिव्हेटला ०.८ मिमीपेक्षा पातळ पत्रा आणि ४ नंबरला १ मिमीपेक्षा पातळ पत्रा काउंटरसिंक करू नका. शंकू आरपार गेला की भोकच मोठं होतं आणि उरलेली धारदार कड फाटते. वरच्या पत्र्याला डिंपल असेल तर खालच्यालाही डिंपल किंवा काउंटरसिंक हवाच. डिंपल पाडायचा डाय (साचा) ३/३२ ला आहे की १/८ ला, हे दर वेळी पाहा.

यानंतर प्राइमर. आतल्या बाजूला, विशेषतः जिथे दोन पत्रे एकमेकांवर येतात, इपॉक्सी प्राइमरचा पातळ हात पुरतो. आधी तेल पूर्ण पुसा. यंत्रमागांच्या परिसरात सुताची तुसं हवेत असतात. माग बंद असतील त्या वेळी फवारा आणि जमिनीवर पाणी शिंपडून घ्या. मास्क कापडी नको, रंगाच्या वाफेसाठीचा घ्या.

रिव्हेटची लांबी आणि मारणी

लांबीचा हिशेब सोपा आहे : सगळ्या पत्र्यांची एकूण जाडी अधिक व्यासाची दीडपट. ०.८ मिमीचे दोन पत्रे आणि ४ नंबरचा रिव्हेट : १.६ अधिक ४.८, म्हणजे ६.४ मिमी. १/४ इंच, म्हणून एडी ४-४. ०.५ चे दोन पत्रे आणि ३ नंबर : १ अधिक ३.६, म्हणजे ४.६, इथे एडी ३-३.

मारल्यावर मागे तयार होणारं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि अर्धं उंच हवं. ४ नंबरला ४.८ रुंद, १.६ उंच. ३ नंबरला ३.६ आणि १.२. दर वेळी व्हर्नियर लावण्यापेक्षा पत्र्याच्या तुकड्याला या मापाचं भोक पाडून गेज करून ठेवा.

जिथे स्क्वीझर (रिव्हेट दोन्ही बाजूंनी दाबणारी पकड) पोहोचतो तिथे स्क्वीझरच वापरा. गनपेक्षा तो नेहमी एकसारखं काम देतो. बाकीच्या जागी गन आणि बकिंग बार (रिव्हेटच्या मागे धरायचा जड लोखंडी ठोकळा). ३ नंबरला २एक्स मापाची गन, ४ नंबरला ३एक्स. बार साधारण १ किलोचा, घासून आरशासारखा गुळगुळीत केलेला. हवेचा दाब गनपाशी मोजा : ३ नंबरला २५-३० पीएसआयपासून, ४ नंबरला ४० च्या आसपास, आणि टाकाऊ पत्र्यावर ठरवा. दोन-तीन सेकंदांत डोकं तयार झालं पाहिजे. दाब कमी ठेवून खूप वेळ टकटक केलं की रिव्हेट कडक होत जातो आणि कडेला तडकतो. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं, ते रोज सोडा, नाहीतर गन गंजते.

हे दोन माणसांचं काम आहे आणि शब्द आधी ठरलेले हवेत. बार धरणारा बार टेकवून "लागलं" म्हणेल, तेव्हाच गनवाल्याने ट्रिगर दाबायचा. गन थांबेपर्यंत बार काढायचा नाही. डोकं तयार झालं की "बस", कमी वाटलं तर "अजून". घरातली माणसं मदतीला असली तरी हेच शब्द. "थांब गं दादा बघतोय" असलं मध्ये काही नको. दोघांनाही कानाचे मफ आणि डोळ्यांना चष्मा. पुढे रिव्हेट नसताना ट्रिगर दाबायचा नाही, सेट (गनच्या पुढे बसणारा, डोक्यावर टेकणारा तुकडा) गोळीसारखा सुटतो. गनवाल्याने गनचा दाब बारवाल्याच्या दाबापेक्षा थोडा जास्त ठेवावा, म्हणजे डोकं पत्र्याला टेकलेलं राहतं.

इथेही मध्यातून बाहेर, एक सोडून एक. शेजारचे क्लेको लगेच काढू नका.

बिघाड ओळखायचे असे. डोक्यावर चंद्रकोरीसारखी खूण म्हणजे सेट तिरका धरला. डोक्याखाली फट म्हणजे पत्रे एकमेकांना भिडले नव्हते किंवा बारचा दाब जास्त झाला. मागचं डोकं एका बाजूला कललेलं म्हणजे बार सरकला किंवा रिव्हेट लांब होता. पसरट आणि मापापेक्षा कमी उंचीचं म्हणजे गन जास्त चालली. पत्र्यावर डोक्याभोवती खळगा म्हणजे गन रिव्हेटवरून घसरली किंवा बार लागलेला नसताना सुरू झाली.

डोक्याखाली फट किंवा तडा असेल तर रिव्हेट काढायलाच हवा. किंचित कललेला पण मापात बसणारा असेल तर बहुतेक वेळा तसाच ठेवणं बरं, कारण काढताना भोक मोठं होण्याची शक्यता जास्त असते. काढायचाच तर डोक्याच्या मध्यावर पंचने खूण करा, रिव्हेटच्याच मापाचं बिट डोक्याच्या उंचीएवढंच आत घाला, पिन पंचने डोकं बाजूला मोडा, आणि मागून पत्र्याला लाकडी ठोकळ्याचा आधार देऊन उरलेला भाग ठोकून काढा. आरपार ड्रिल केलंत तर बिट घसरून पत्र्यात जातं. भोक मोठं झालंच तर पुढच्या नंबरचा रिव्हेट बसतो का ते कडेच्या अंतराचा हिशेब करून बघा, आणि किटवाल्यांना विचारा.

ओढून बसवायचे रिव्हेट

व्हॅन्स कंपनीचं आरव्ही-१२ किंवा झेनिथ कंपनीची विमानं मुख्यतः ओढायच्या रिव्हेटवर (एकाच बाजूने, पुलर नावाच्या अवजाराने ओढून बसणाऱ्या) बांधली जातात. तिथे गन आणि बार दोन्ही जवळपास लागत नाहीत. नवख्यांना आमचा सल्ला असं किट घेण्याचाच आहे. जुळवणी, बर काढणं, क्लेको हे सगळं मात्र तितकंच. पुलर पत्र्याला काटकोनात दाबून धरा, तिरका धरला तर डोक्याची एक बाजू उचललेली राहते. शेवटी रिव्हेटच्या आतला खिळा तुटताना ठाम आवाज येतो. न तुटता घसरला किंवा रिव्हेट भोकात गरगर फिरला तर तो काढून नवा बसवा. तुटलेले खिळे मोजून डब्यात टाका. पंखाच्या आत एक जरी राहिला तरी तो पुढे कंट्रोलच्या तारेत किंवा दांड्यात अडकू शकतो.

पंखाचा शेवटचा पत्रा लावण्याआधी आतल्या प्रत्येक रिबचे फोटो काढा, तारीख आणि रिव्हेटचा प्रकार वहीत लिहा, आणि तपासणी करणाऱ्याला उघडा पंख दाखवा. बंद केल्यावर आत पाहायला जागा उरत नाही. मग पहाटे पुन्हा तीच तंगूस, तेच कर्ण आणि तोच कोन मोजा, पत्र्याला क्लेको लावून पुन्हा मोजा, आणि आकडे पहिल्या पंखाच्या वहीशी जुळले की त्याच सकाळी ऊन चढायच्या आत मधल्या ओळी मारून घ्या. कडा दुसऱ्या दिवशी मारल्या तरी चालतात.